बाबांच्या रायफलीची जुळी बहीण

शनिवार, ६ ऑगस्ट १९९४. सकाळी ७ वाजून १० मिनिटं.
मागच्या ओसरीत बसून बाबांची रायफल तेलाच्या फडक्याने पुसत होतो. पुसता पुसता कारण सापडलं. गेली तीन वर्षं माझं हरीण का हुकतं, त्याचं कारण. सराव नाही. इतकं साधं. लगेच ही वही सुरू केली.

सराव का नाही? बाबांच्या या मोठ्या, थर्टी-ऑट-सिक्स मापाच्या रायफलीचं एक काडतूस पाऊण डॉलरला पडतं, आणि दणका असा बसतो की संध्याकाळी शर्ट काढायला आईला बोलवावं लागतं. उपाय: ट्रेनर. म्हणजे हुबेहूब तशीच दुसरी रायफल, पण पॉइंट टू-टूची, आतून बारीक नळीची. छोटी काडतुसं, दणका शून्य. वजन तेच, दस्ता तोच, चाप तितकाच जड. हाताला फरक कळताच कामा नये. अशी तयार मिळत नाही. सुटे भाग जमवून मी स्वतः जुळवणार.

वेळापत्रक: ऑगस्टमध्ये भाग गोळा करणे. सप्टेंबरमध्ये जोडणी. ऑक्टोबरपासून रोज पन्नास गोळ्या. शिकारीचा हंगाम उघडतो नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी.

यंदा हुकून चालणार नाही. मर्लकाकांनी मागच्या वर्षी शिकारीच्या कॅम्पवर सगळ्यांसमोर सांगितलं की आता चौथ्यांदा रिकामा आलास तर तुझ्या बाबांची जागा गेलनला. गेलन म्हणजे काकांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जागा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं हेमलॉकचं मोठं झाड. त्याच्या बुंध्याशी बाबांनी फळी ठोकून बैठक केली आणि मरेपर्यंत दर हंगामाला तिथेच बसले.

ज्याचा नेम हुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ते कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं, अशी आमची रीत आहे. माझी तीन टोकं आहेत. तिन्हींवर काकांनी माझं नाव एकाच 'आर'ने लिहिलंय. ऑरिनमध्ये दोन 'आर' असतात. हुकणं एक वेळ मान्य.

शनिवार, १३ ऑगस्ट.
हॉकेनबेरींच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीत सुट्या भागांची खोकी आहेत. एका खोक्यावर 'कॅलिबर' लिहिलंय, त्यात एक 'एल' जास्त आहे. मी सांगितलं. हॉकेनबेरी म्हणाले, पोरा, ती चिठ्ठी मी लग्नाआधी चिकटवली, अजून एकही गोळी स्पेलिंग वाचून अडली नाही.

शाळेच्या नेमबाजी संघाने टाकून दिलेल्या रायफलीचा सांगाडा मिळाला. रीतसर फॉर्म भरला. नळी दुसऱ्या रायफलीची, काडतूस आत ढकलणारा बोल्ट तिसरीचा. बोल्ट बसेल का विचारलं तर म्हणाले, बसेल, भाऊभाऊच आहेत. मग हे सगळं कशासाठी ते त्यांनी विचारलं. मी सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढा खटाटोप करण्यापेक्षा चाप ओढताना डोळे का मिटतोस ते बघ ना.

म्हणजे काकांनी गावभर केलेलं दिसतंय. मी डोळे मिटत नाही. वाऱ्याने पाणी येतं.

रविवार, २१ ऑगस्ट.
आईने चर्चमध्ये चार बायकांना सांगितलं की ऑरिन ट्रेनर ठेवतोय. एकीने तिच्या भाच्याचं नाव सुचवलं, तो वजनं उचलायला शिकवतो. घरी आल्यावर आई म्हणाली, तो माणूस जेवायला थांबणार असेल तर आधी सांग, बटाटे जास्त लावीन. मी सांगितलं की ट्रेनर म्हणजे माणूस नव्हे, रायफल. आईने काढलेले जास्तीचे बटाटे परत टोपलीत टाकले. मग म्हणाली, बरंय, खाणार तरी नाही.

जाता जाता असंही म्हणाली की तुझे बाबा हंगामाआधी पत्र्याच्या ताटलीवर तीन गोळ्या झाडायचे आणि रायफल कपाटात ठेवायचे.

त्या काळी हरणं जास्त होती.

सोमवार, ५ सप्टेंबर. सुट्टी.
बोल्ट बसवला. आत गेला. बाहेर येत नाही. जबरदस्ती करणार नाही.

तोच दिवस, दुपारी.
जबरदस्ती केली.

शनिवार, १७ सप्टेंबर.
हॉकेनबेरींकडून दुसरा बोल्ट. मी म्हटलं, तुम्ही तर भाऊभाऊ म्हणाला होतात. म्हणाले, हो, पण भावांचं एकमेकांशी पटतंच असं कुठे असतं. दुकानात दोघं-तिघं होते, सगळे हसले. त्यात गेलन होता. म्हणाला, ऑऱ्या, अजून बाळंतपण झालं नाही का? उत्तर सुचलं होतं, पण घरी आल्यावर.

नवा बोल्ट छान चालतो. त्याची मूठ मात्र बाबांच्या रायफलीच्या मुठीपेक्षा बारीक आहे. फरक हाताला कळतो. मूठ बदलणार. बाकी जोडणी वेळापत्रकाप्रमाणे, फक्त दोन आठवडे मागे.

शनिवार, १ ऑक्टोबर.
आजपासून रोज पन्नास गोळ्या होत्या. मूठ अजून तयार नाही. अर्धवट रायफलीवर सराव केला तर हाताला अर्धवट सवय लागेल. ते जास्त धोक्याचं. ऑक्टोबर जोडणीला दिला. नोव्हेंबरमध्ये रोज शंभर.

काडतुसांचा पाचशेचा डबा आणून ठेवला. म्हणजे सुरुवात झाली असंच म्हणायचं.

रविवार, ९ ऑक्टोबर.
दस्ता. हॉकेनबेरींच्या माळ्यावर बाबांच्या रायफलीसारखाच अक्रोडी दस्ता होता, तो आणून आतून कोरून बसवला. रंग तोच. पण बाबांच्या दस्त्यावर उजव्या बाजूला एक खोक आहे. ओढ्यावरच्या बर्फात ते पडले होते तेव्हाची. नेम धरताना माझा अंगठा त्या खोकीत बसतो. म्हणून नव्या दस्त्यावर तशीच खोक हवी. मोजून, पेन्सिलने खूण करून हातोडीने मारली.

अंगठ्याच्या अंतराने चुकली. मग दुसरी मारली, ती बरोबर बसली. आता नवीवर दोन खोका आणि बाबांच्या रायफलीवर एकच. दोन्ही सारख्या असणं हाच तर मूळ मुद्दा. म्हणून बाबांच्या दस्त्यावरही चुकलेल्या जागी एक मारली.

आई कपडे वाळत घालायला बाहेर आली होती. तिने हातोडी पाहिली, दस्ता पाहिला. कपडे तसेच टोपलीत ठेवून आत गेली.

संध्याकाळी मी तिला समजावलं की हे तांत्रिक कारणासाठी आहे. ती म्हणाली, हो रे.

शनिवार, २२ ऑक्टोबर.
वजन. मी कामाला आहे त्या जनावरांच्या खाद्याच्या गिरणीतल्या काट्यावर दोन्ही रायफली नेल्या. बाबांची पावणेनऊ पौंड. नवी सहाच्या वर थोडी. म्हणजे शिसं भरावं लागणार. मी तिसऱ्यांदा वजन करत असताना मागे ओट्सची पोती घेऊन लोक खोळंबले होते. मालक म्हणाले, ऑरिन, तो काटा गुरांच्या खाद्यासाठी आहे. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, मोजू दे हो, कोंबडीसुद्धा अंड्यावर इतकी बसत नाही.

मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं विकत घेतली. दस्त्यात पोकळी करून भरली. आता नवी तीन औंस जास्त भरते.

गुरुवार, २७ ऑक्टोबर.
दोन औंस कमी.

रविवार, ६ नोव्हेंबर.
वजन जुळलं! पण समतोल जुळत नाही. नवी मागच्या बाजूला झुकते. शिसं काढून पुढे सरकवलं. मग वजन बिघडलं.

मर्लकाका आले होते. आईला लाकडं द्यायला. शेडमध्ये डोकावले. म्हणाले, किती गोळ्या झाडल्यास? मी म्हटलं, अजून तो टप्पा आलेला नाही. काका म्हणाले, अरे, हरीण काही तुझ्या टप्प्यासाठी थांबणार नाही. माझ्याबरोबर चल, वाळूच्या खाणीत जाऊ, मोठी रायफल घे, मी मागे उभा राहतो, तुझं नेमकं काय होतं ते बघू.

मी सांगितलं की आता मध्येच मोठी झाडली तर दणक्याची भीती परत हातात शिरेल. म्हणजे भीती नाही. सवय. काका म्हणाले, तुझी मर्जी. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी असं मला वाटत नाही रे, ऑरिन.

मग देऊ नका ना. पण हे ते गेल्यावर सुचलं.

रोजच्या गोळ्यांचं नवं गणित: शंभर जमलं नाही. शेवटच्या आठवड्यात रोज दीडशे.

शनिवार, १९ नोव्हेंबर. दुपारी ४ वाजता.
पूर्ण झाली. वजन, समतोल, मूठ, खोका, चाप, पट्टा. पट्ट्यालाही बाबांच्या पट्ट्याइतका घाम लागावा म्हणून तो आठवडाभर कमरेला बांधून गिरणीत काम केलं. डोळे मिटून दोन्ही रायफली आलटून पालटून उचलल्या. (मुद्दाम मिटून. प्रयोग म्हणून.) मला स्वतःला ओळखता आल्या नाहीत.

वाळूच्या खाणीत गेलो. कॉफीच्या डब्याचं झाकण लावून पाच गोळ्या झाडल्या. पाचही झाकणात! एकसुद्धा बाहेर नाही! झाकण खिशात घालून आणलंय.

गेलन वाटेत भेटला. झाकण दाखवलं. म्हणाला, ऑऱ्या, ही तर शिंकेइतकीसुद्धा हलत नाही, माझी आजी मारेल. मोठी झाडून बघितलीस का? मी म्हटलं, गरज नाही. दोन्हींत हाताला फरक कळत नाही, म्हणजे या पाच गोळ्या मोठीवरही जमा झाल्या. झाकण परत माझ्या हातात देऊन तो निघून गेला.

पाचावर थांबलो. सवय बिघडवायची नाही.

गुरुवार, २४ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग.
टर्की. पाय मी खाल्ला. आईने बाबांची खुर्ची भिंतीला लावली होती, ती आज टेबलाशी घेतली आणि म्हणाली, या सोमवारी काही झालं तरी घरी ये, म्हणजे झालं. मी म्हटलं, हरीण घेऊन येतो. शिंगं कुठे लावायची ते ठरवून ठेव. तिने आणखी बटाटे वाढले.

रविवार, २७ नोव्हेंबर. कॅम्पवर. बर्फ पडलंय.
दोन्ही रायफली आणल्या. ट्रेनर दाखवायला, मोठी उद्यासाठी. कॅम्पवर रायफली आत न्यायच्या नाहीत, बाहेर व्हरांड्यातल्या फळीवर ठेवायच्या, हा काकांचा नियम. आत उबेला आणलं की लोखंडाला घाम फुटतो. व्हरांड्यात दिवाही लावायचा नाही. पहाटे अंधारात ज्याने त्याने आपली चाचपून घ्यायची. बर्फ आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी नळ्यांच्या तोंडाला काळी पट्टी चिकटवली. मीही. दोन्हींना, कारण एकीलाच लावली तर वजनात फरक पडतो.

काकांनी दोन्ही हातात घेतल्या. खिडकीतून पडणाऱ्या उजेडात उलट्यापालट्या केल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, पोराने कमाल केली, मला तर ओळखू येत नाहीत. कॅम्पवर माझ्याबद्दल असं कुणी प्रथमच बोललं. गेलन म्हणाला, उद्या कुणाला नेणार, आईला की पोरीला? सगळे हसले, पण या वेळी माझ्या बाजूने.

काका म्हणाले, एकीच्या पट्ट्याला दोरा बांधून ठेव. मी म्हटलं, दोरा बांधला तर सगळी मेहनत पाण्यात. माझा हात मला फसवणार नाही.

नवा शर्ट घातलाय. लाल चौकटी. टोक कापायला भिंतीवर जागाच नाही असं मी म्हणालो. तेही हसण्यावारी गेलं. झोपतो.

सोमवार, २८ नोव्हेंबर. पहाटे ५ वाजून ५० मिनिटं. बाबांची जागा.
वेळेत पोचलो. काळोख. पेन्सिलने लिहितोय, हातमोजा दातात. हात स्थिर. रायफल खांद्याला अगदी ओळखीची वाटते. आता काडतुसं भरतो.

६ वाजून ५ मिनिटं.
काडतूस आत जात नाही. थंडीने लोखंड आकसतं, हे शाळेत होतं. काडतूस काखेत धरलंय.

६ वाजून २० मिनिटं.
काखेतून काढून लावलं. जात नाही. दुसरं लावलं. तेही नाही. कारखान्याचा दोष. सगळा डबाच जाड निघालेला दिसतो. तक्रारीचा मजकूर मनात तयार केला.

६ वाजून ४० मिनिटं.
उजाडलं. नळीवरची पट्टी काढून बघितली.

समजलं.

७ वाजता.
परत जाऊन मोठी आणता येईल. पण वाट काकांच्या जागेवरून आणि मग गेलनच्या जागेवरून जाते. दोघंही विचारतील. इथेच बसतो. खिशात पॉइंट टू-टूची गोळीही नाही, आणि असती तरी त्या गोळीने हरीण मारायला कायद्याने बंदी आहे. या दिशेला सहसा काही येत नाही. तीन वर्षांत दरवर्षी आलं होतं, तो भाग वेगळा.

तोच दिवस, संध्याकाळी. कॅम्प.
आलं. साडेसातच्या सुमाराला. मोठा नर, आठ टोकांच्या शिंगांचा. बाबांच्या झाडापासून इतका जवळ की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. तो थांबला. माझ्याकडे कूस करून उभा राहिला.

रायफल कधी खांद्याला लागली ते मला कळलं नाही. नळीच्या टोकावरची नेमाची माशी बरोबर त्याच्या खांद्यामागे. श्वास अर्धा सोडला. चाप ओढला. टक्.

रायफल केसभरही हलली नाही. माशी होती तिथेच. मला त्याचा कान वळताना दिसला, पापण्यांवरचं बर्फ दिसलं, सगळं दिसलं. चाप सुटताना हरीण असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे नेहमी वारा असतो म्हणून.

इतका सुंदर नेम या कॅम्पवर कुणी धरला नसेल. शपथेवर सांगतो.

मग तो चालत खाली उतरला. पळालासुद्धा नाही. थोड्या वेळाने गेलनच्या बाजूने एकच बार ऐकू आला.

रात्री जेवणाआधी काकांनी कात्री काढली. रीतीप्रमाणे विचारलं, ऑरिन, दिसलं का? दिसलं. झाडलीस का? नाही. का नाही? मी चुलीत लाकूड सरकवलं. कुणीतरी म्हणालं की झाडलीच नाही तर हुकली कशी, आणि हुकली नाही तर कापायचं कसं. यावर बराच वाद झाला. तोवर काका व्हरांड्यात गेले आणि फळीवरून माझ्या दोन्ही रायफली घेऊन आले. स्वतःचा नियम मोडून आत आणल्या. एकीची पट्टी अजून तशीच होती. दुसरीच्या उघड्या तोंडाला त्यांनी पेन्सिल लावून बघितली. शिरली नाही.

गेलन हसायला लागला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला. मग कुणीच हसलं नाही. हसायला हवं होतं.

मी उठलो, शर्ट मागून बाहेर ओढला आणि पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, कापा. दोन 'आर' लिहा, बस.

काकांनी कात्री खिळ्याला अडकवली. म्हणाले, खोच तो आत. जेवायला बस.

शनिवार, ३ डिसेंबर. संध्याकाळी.
गिरणीत रजा फक्त सोमवारची होती, म्हणून परत शिकारीला आज गेलो. निकाल मात्र पहिल्याच दिवसाचा धरतात. काकांनी गाडीत सांगितलं, माझ्याकडे न बघता. पुढच्या वर्षीपासून बाबांच्या जागेवर गेलन. मी आजपासूनच हाकाऱ्यांत. म्हणजे झाडीतून आरडाओरडा करत हरणं वर पिटाळायची. हाकाऱ्याला रायफल देत नाहीत. स्वयंपाकघरातला टोप आणि पळी देतात.

आज टोप वाजवत डोंगर चढलो. बाबांच्या बैठकीवर या खेपेपुरते काका बसले होते. त्यांच्यासमोरून दोन नर पिटाळले. काका म्हणाले, आवाज छान आहे तुझा, बापासारखा. बाबा ओरडलेले मला कधी आठवत नाहीत.

रात्री आईने विचारलं, त्या दुसऱ्या रायफलीचं आता काय करणार? मी म्हटलं, ठेवणार, एवढी मेहनत आहे. तिने फडकं घेतलं, दोन्ही पुसल्या आणि कपाटात ठेवल्या. बाबांची कुठली म्हणून विचारलं. मी एकीकडे बोट दाखवलं. बहुतेक तीच.

आजपर्यंतचा हिशोब.
सांगाडा, नळी, दस्ता: ८५ डॉलर.
बोल्ट, दोन: २६.
शिसं, मूठ, पट्टा, तेल: १९.
काडतुसं, दोन्ही प्रकारची: २५.
एकूण १५५. पैकी हॉकेनबेरींचं देणं ३०, आईचं ४०.
काडतुसं शिल्लक: छोटी, पाचशेपैकी चारशे पंच्याण्णव. मोठी, वीसपैकी वीस.